जहाजाच्या बत्त्या आणि डोमाजी

कुणाच्याही घरात शिरलं की आधी माणसांकडं बघावं, 'काय, बरं आहे ना' म्हणावं, हा साधा रिवाज डोमाजी रामटेक्यांना उभ्या जन्मात जमला नाही. ते आधी छताकडं बघायचे. बल्ब कुठं टांगलाय, किती वॅटचा आहे, त्याच्यावर माश्यांची घाण किती बसलीय, हे सगळं न्याहाळून झालं की मग नजर खाली यायची आणि माणसं दिसायची. माझ्या सासऱ्यांशी त्यांची ओळख करून दिली तेव्हा सासरे हात जोडून उभे आणि हे मान वर करून. सासऱ्यांना वाटलं, वर पाल आहे. तेही वर बघू लागले.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थानं वास्तुशांतीला गच्चीपासून फाटकापर्यंत दिव्यांच्या माळा सोडल्या. जेवायला बसलो तर डोळे असे दिपले की ताटातली भाजी कुठली ते चाखल्याशिवाय कळेना. तेव्हा डोमाजींचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, "उजेड तं लय केला जी, पन दिसून काय राहिलं?" म्हटलं, या माणसाबद्दल आता लिहून टाकावं. आपलंही वय झालं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशावर पातळ, आरपार दिसणारं मेणकापड पसरायचं आणि त्यांच्याच रेघा पुन्हा शाईनं काढायच्या, हे माझं काम. दिवसभरात हजार रेघा, त्यातली स्वतःची एक नाही. डोमाजी विजेच्या खात्यात खलाशी होते. आपल्याकडं खलाशी म्हणजे होडीवरचा माणूस. पण रेल्वेत आणि कारखान्यात शिडी धरणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या मदतनिसालाही खलाशीच म्हणतात. त्याआधी ते डोंगरगडला रेल्वेत बत्तीवाले होते. सिग्नलच्या रॉकेलच्या बत्त्या घासायच्या, भरायच्या आणि अंधार पडायच्या आत खांबावर चढून जागच्या जागी लावायच्या. बारा वर्षं हे केलं, पण बदली कामगार म्हणून. पक्के काही झाले नाहीत.

भिलाईतही ते हंगामीच होते. बांधकाम संपलं की हंगामी लोकांना घरी पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाचायचा रस्ता एकच. वायरमनच्या परीक्षेला बसायचं, पास व्हायचं आणि पक्क्या यादीत नाव लावून घ्यायचं. म्हणजे नोकरीही राहिली आणि क्वार्टरही मिळालं. पण परीक्षेला बसायला फोरमनची शिफारस लागे, आणि फोरमन खन्नासाहेबांच्या लेखी डोमाजी म्हणजे शिडी. शिडीची शिफारस कोण करतं?

आमची ओळख झाली ती माझ्या डोकेदुखीमुळं. दोन महिने मी कपाळाला बाम चोळून आणि घरात सगळ्यांवर खेकसून काढले होते. एके दिवशी डोमाजी ऑफिसातला बल्ब बदलायला आले. बल्ब बदलून झाला तरी हलेनात. माझ्या मागं उभे राहून बघत राहिले. माझा स्वभाव तेव्हाही काही गोड नव्हता. मी म्हणालो, "काय आहे? तमाशा आहे का इथं?"

"बाबू, तुमची सावली तुमच्याच रेघीवर पडून राहिली," ते शांतपणे म्हणाले. "उजव्या हातानं लिवता आन् बत्तीबी उजवीकडंच. डोळा फोडून घेता काय? कावून सांगतलं नाही कोनाले?"

कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. वायर सोडवली आणि दिवा डावीकडं, हातभर खाली आणून टांगला. तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं. बाम बायकोनं ठेवून दिला. तेव्हापासून मी त्यांना 'डोमाजी' म्हणू लागलो आणि ते मला 'लांजेवारबाबू'. ते वयानं दहा वर्षं मोठे होते, पण बाबू काही सुटलं नाही.

त्यांच्या खिशात कायम एक पिवळं फडकं असे. काच दिसली की पुसायची. माझा चष्मा ते माझ्या नाकावरून काढून घ्यायचे, पुसायचे आणि पुन्हा नाकावर ठेवायचे. बोलणं मधे थांबायचं नाही. आणि दिवा कसा आहे हे ते कधीच जवळून सांगत नसत. "बत्ती जवळून नाही पायत, दुरून पायत," असं म्हणून लांब चालत जायचे, वळायचे, डोळ्यांवर हाताची छपरी धरायची आणि मग मान हलवायची. त्यांची बायको पार्वताबाई पदर तोंडाला लावून सांगायची, "मले पायाले आले तवाबी अस्संच! सगळे पाव्हने ओसरीवर आन् हे दूर बोरीच्या झाडाखाली जाऊन उभे!" चंद्राबद्दल डोमाजींचं मत फार वाईट होतं. "त्याचा काय भरोसा? ड्युटीले कधी येते, कधी येत नाही."

कुटुंब नव्यानंच बौद्ध झालेलं. लेबर कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर होती. कंदील कुठंही ठेवला तरी काचेवर चमक यायची आणि चेहरा दिसेना. यावर नवराबायकोत महिनाभर वाद चालला. पार्वताबाईंचं म्हणणं, तसबीर हलवा. यांचं म्हणणं, भगवान आपल्या जाग्यावर बसून राहिले, हलायचं तं कंदिलानं. शेवटी कंदील खाली, आडोशाला ठेवला. उजेड समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडे आणि तिथून मऊ होऊन तसबिरीवर येई. कंदील कुठं आहे ते कळायचंच नाही, फक्त चेहरा दिसायचा. त्या खोलीत आवाज आपोआप खाली यायचा. माझासुद्धा.

पण कारखान्यात या गुणाची किंमत काय? एकदा भट्टीच्या बांधकामावर मोठा झोतदिवा क्रेनवाल्याच्या थेट डोळ्यांत जात होता. डोमाजींनी खांबावर चढून तो वीतभर फिरवला. क्रेनवाल्यानं वरून हात जोडले. खन्नासाहेबांनी खालून आईबाप काढले. "खलासी है, खलासी रह! बिना ऑर्डर हाथ लगाया तो गेट के बाहर!" डोमाजी खाली उतरले आणि शिडी उचलून चालू लागले. शिफारशीचा कागद मात्र पुन्हा मागं पडला.

आणि मग ते जहाज आलं.

मरोद्याचा तलाव म्हणजे कारखान्याच्या पाण्याची सोय. रशियन इंजिनिअरांपैकी वसीलीसाहेब समुद्रकाठचे; एवढं पाणी बघून त्यांचे हात शिवशिवत. सुट्टीच्या दिवसांत त्यांनी सुतारखात्यातल्या दोघातिघांना हाताशी धरून उरल्यासुरल्या लाकडाची, ताडपत्रीच्या शिडाची, आत बसायला छोटी खोली असलेली एक नाव बांधली. ते तिला 'याट' म्हणत. आम्ही सगळे जहाज म्हणायचो. मैलोन्‌मैल समुद्र नसलेल्या मुलखात दहा माणसं बसतात ते जहाजच.

तेवढ्यात बातमी आली की दिल्लीहून मोठे पाहुणे कारखाना बघायला येणार. साहेब लोकांनी ठरवलं, संध्याकाळी त्यांना जहाजातून तलावाच्या या काठाहून त्या काठाला न्यायचं. तिकडं मंडप आणि सभा. बत्तीची जबाबदारी खन्नासाहेबांची. खन्नासाहेब कामाला वाघ होते, पण बत्ती म्हटलं की त्यांना एकच गोष्ट सुचे, वरात. शिडावर बल्बांच्या माळा, डोलकाठीला माळा, खोलीत ट्यूबलाइटी, पुढं एक झोतदिवा आणि खाली ट्रकच्या बॅटऱ्यांची चळत.

शिडी धरता धरता डोमाजी म्हणाले, "साब, बत्ती जादा हो रही है."

"तेरे से पूछा?"

तालमीच्या संध्याकाळी आम्ही सगळे बांधावर जमलो. बटण दाबलं आणि जहाज असं झळाळलं की बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. खन्नासाहेबांची छाती वीतभर वाढली. जहाज निघालं, वळलं आणि सरळ जाऊन पाण्यातल्या बाभळीच्या खुंटावर चढलं. सुकाणूवरच्या वसीलीसाहेबांना झगमगत्या पांढऱ्या शिडापलीकडचं काही दिसतच नव्हतं. ते खुंटावर बसून रशियनमध्ये जे बोलले ते आम्हाला शब्द न कळता पुरेपूर कळलं. वीस मिनिटांत बॅटऱ्याही बसल्या. अंधारात दोर लावून जहाज ओढावं लागलं. कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यात पुढं डोमाजी.

काठाला लागल्यावर वसीलीसाहेब मोडक्या हिंदीत ओरडले, "यहाँ बत्ती कौन जानता?"

सगळे खन्नासाहेबांकडं बघू लागले. मी भित्रा माणूस. पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं. म्हणालो, "ये जानता है, साहब. रेल्वे का बत्तीवाला है."

खन्नासाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. मग डोमाजींना म्हणाले, "ठीक है. तीन दिन. बत्ती ठीक हुई तो परीक्षा की सिफ़ारिश करूँगा. बिगड़ी तो उसी दिन हिसाब." ओले कपडे पिळत डोमाजींनी मान हलवली. पार्वताबाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बत्तीचंच असन तं भेव नाही. दुसरं काही असतं तं भेव होतं."

भेव होतं. पहिल्याच दिवशी डोमाजींनी चूक केली, आणि ती फक्त रेल्वेचाच माणूस करू शकतो. दुर्गच्या एका जुन्या सोबत्याकडून बाद झालेल्या हातबत्त्यांची लाल-हिरवी भिंगं मागून आणली आणि जहाजाच्या मागं, मधोमध, झकास लाल दिवा लावला. गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल बत्ती नसली तर गाडी पुरी आली असं धरतच नाहीत. बारा वर्षं त्यांनी तेच केलेलं. वसीलीसाहेब आले, दिवा पाहिला आणि हसत हसत खालीच बसले. "डोमा! ये ट्रेन नहीं! लाल बाएँ, हरा दाएँ, पीछे सफ़ेद!" खन्नासाहेबही हसले, पण त्यांचं हसणं वेगळं होतं.

डोमाजी हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बांधावर बसून राहिले. मी शेजारी. म्हटलं, साहेबांनी सांगितलंय तसं लावून टाका, विषय संपला. ते म्हणाले, "लावतो तं लावतोच बाबू. पन कावून ते समजल्याबिगर कसा लावू?" मग बऱ्याच वेळानं मांडीवर थाप मारली. "गाडीले रूळ असते! तिचं तोंड कुठं आहे ते रूळच सांगते, मनून मागची एक बत्ती पुरते. पान्याले रूळ कुठं आहे? समोरच्याले बत्तीनंच सांगा लागते, आपुन कोनीकडं तोंड करून आहो!"

त्या संध्याकाळचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पार्वताबाईंना बांधावर उभं केलं. डाव्या हातात लाल बत्ती, उजव्या हातात हिरवी, दोन्ही पोटाशी धरलेल्या, आणि मागं कमरेला बांधलेली पांढरी. डोमाजी लांब जाऊन डोळ्यांवर छपरी धरून उभे.

"ये आता माह्याकडं! ... आता दोन्ही दिसून राहिल्या, मंजे समोरून येऊन राहिली! आता वळ! ... हिरवीच दिसते, मंजे उजवं अंग! आता पाठ कर! ... पांढरी! मंजे चालली निंघून!"

"मी काय रेलगाडी हावो काय?" पार्वताबाई ओरडल्या.

"नाही गे, जहाज होय तू!"

"मंग आता डोक्यावर घागरबी देऊन टाका, मंजे पुरं होईन!"

रस्त्यानं चाललेल्या दोन बाया थबकल्या. "का होगे ओ बहिनी?" काय झालं म्हणून त्यांनी छत्तीसगढीत काळजीनं विचारलं. पार्वताबाई इतक्या हसल्या की तिन्ही बत्त्या नाचायला लागल्या. बांधापलीकडं वसीलीसाहेब उभे होते, आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते आले आणि पार्वताबाईंना त्यांनी टोपी काढून सलाम केला.

मग पुढचे दोन दिवस डोमाजींनी नुसत्या बत्त्या काढल्या. शिडावरच्या माळा गेल्या, डोलकाठीच्या गेल्या, ट्यूबलाइटी गेल्या. पुढचा झोतदिवा काढताना मी म्हणालो, तो तरी असू द्या. म्हणाले, "त्यानं पानी पांढरं होते बाबू, मंग पान्यातला खुंट दिसत नाही." पार्वताबाईंचं अंग जसा उजेड अडवत होतं तसा अडवायला लाल-हिरव्या दिव्यांना आतून पत्रे ठोकले, म्हणजे ज्याचा तो दिवा ज्याच्या त्याच बाजूनं दिसावा. खोलीत दिवे लावले ते गुडघ्याच्या खाली, बाकांच्या पोटात, म्हणजे पायरी आणि पाय दिसावेत, दिवा डोळ्यांत जाऊ नये. "बत्तीच्या खोलीतून एकदम अंधारात गेलं का मानूस घडीभर आंधळा होते. रुळावर तेवढ्यातच मरते." सुकाणू धरणाऱ्या वसीलीसाहेबांपाशी तर दिवाच नाही. वायरी छताजवळून नेल्या, पाणी पोचू नये म्हणून सांध्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर. उजेड मऊ व्हावा म्हणून बल्बांपुढं काय लावावं यावर अडले तेव्हा मी ऑफिसातले मेणकापडाचे तुकडे आणून दिले. माझी त्या जहाजातली कामगिरी एवढीच, पण मी ती अजून सांगतो.

खन्नासाहेबांनी हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मेहमान आ रहे हैं या चोर?" ते जहाजाचं सोडून काठाच्या मागं लागले आणि उरलेल्या सगळ्या माळा त्यांनी पलीकडच्या बांधावर, मंडपावर, झाडांवर टांगल्या.

पाहुणे आले ती संध्याकाळ. मी पलीकडच्या काठावर दोर झेलायला उभा, बल्बांच्या झगमगाटात. आजूबाजूला हजारभर माणसं, हंगामी आणि पक्की, बायकापोरांसकट. अंधार पडला. लांब पाण्यावर एक लाल आणि एक हिरवा ठिपका दिसला. माझ्या शेजारी पार्वताबाई होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "समोरून येऊन राहिले." दोन्ही ठिपके जवळजवळ येत गेले, कुठं अडखळले नाहीत, आणि जहाज तेलावरून आल्यासारखं धक्क्याला लागलं. मी दोर झेलला. आतून मंडळी उतरली, पायरी बघत, सावकाश. कुणाचा पाय चुकला नाही. डोमाजी मागं बॅटरीपाशी उकिडवे बसलेले.

पण पाहुणे उतरून मंडपाकडं निघेनात. ते वळून पाण्याकडं बघत होते. त्यांच्याबरोबर जहाजातून आलेले खन्नासाहेबसुद्धा. वसीलीसाहेबांचे डोळे ओले. मला काही कळेना. मला तर बल्बांपलीकडं काळोखच दिसत होता.

पाहुणे म्हणाले, "हमने पानी पर से देखा. ये किनारे की बत्तियाँ ज़रा बंद करवा दीजिए. इन सबको भी देखने दीजिए."

खन्नासाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. स्वतःच्या हातानं लावलेल्या त्या माळा. मग ते जहाजाकडं वळून म्हणाले, "रामटेके, मेन स्विच."

डोमाजी उतरले. घाई नाही. खांबापर्यंत गेले आणि खटका खाली ओढला.

एकदम अंधार. पोरं ओरडली. आणि मग हळूहळू डोळे उघडले तसं आम्हाला दिसलं. पलीकडं आमचा कारखाना उभा होता. नुकत्याच पेटलेल्या पहिल्या भट्टीतला, लोखंड वितळताना निघणारा तापलेला मळ नेऊन ओतत होते आणि अर्धं आकाश तांबडं झालं होतं. चिमण्या, क्रेन, भट्टीचा मनोरा सगळं त्याच्यावर काळं कोरलेलं, आणि तेच सगळं उलटं तलावात. रोज आत राबणारे आम्ही. तो असा, अख्खा, कुणी पाहिलाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, "तो माझा खांब." कुणी म्हणालं, "ती भिंत आमच्या गँगची." मग हजार माणसांनी जो गजर केला तो अजून माझ्या कानात आहे. मीही ओरडलो. त्या मनोऱ्याच्या नकाशावर माझ्या रेघा होत्या. कुणाच्या का असेनात, काढल्या मी होत्या.

पाहुण्यांनी विचारलं, "नाव की बत्ती किसने लगाई?"

खन्नासाहेब पुढं झाले. "हमारे वायरमैन ने, सर. डोमाजी रामटेके."

अंधारात माझ्या शेजारी पार्वताबाईंनी पदर तोंडात कोंबला. परीक्षा पुढं महिन्याभरानं झाली आणि डोमाजी पास झाले, सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं, माझ्या घरापासून चार दारं सोडून. पण वायरमन ते त्या संध्याकाळीच झाले होते.

काही वर्षांनी माझी बदली झाली. दुर्ग स्टेशनवर सगळे पोचवायला आले, हार झाले, रडारड झाली, आणि डोमाजी कुठं दिसेनात. मला राग आला. एवढी वर्षं शेजारी राहिलो आणि ऐनवेळी हा माणूस चहा पीत बसला असणार. गाडी सुटली. मी दारात उभा. फलाट सरकत गेला, माणसं संपली, आणि अगदी टोकाला, जिथं कुणीच नव्हतं तिथं, ते उभे होते. मी हात हलवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळ्यांवर छपरी धरून ते गाडीच्या शेपटाकडं बघत होते.

आठवड्यानं नव्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत एवढंच: 'बाबू, तुमच्या गाडीची मागची बत्ती वळणापर्यंत साफ दिसली. काळजी नाही.' खाली सही होती, आणि सहीखाली, दोनदा गिरवलेलं, 'वायरमन'.